उजवं पान

बुधवार, रात्री अकरा

परतीच्या लोकलमध्ये आज चक्क खिडकी मिळाली. एरवी मी अशा वेळी डोकं टेकवते ते थेट डोंबिवलीलाच उचलते. आज पुस्तकात अशी अडकले की ठाणं कधी गेलं कळलं नाही. शेजारच्या मावशींनी कोपराने ढोसलं, "उतरायचंय ना तुला?" म्हणून उतरले. नाहीतर कल्याण होतं.

पुस्तक म्हणजे 'सोफीज वर्ल्ड'. युस्टाइन गार्डर या नॉर्वेतल्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने १९९१ साली लिहिलेली कादंबरी. पंधरावं लागत आलेल्या मुलीच्या टपालपेटीत चिठ्ठी येते, 'तू कोण आहेस?' आणि तिथून ग्रीकांपासूनची शिकवणी सुरू. सगळं जग बारीक अणूंच्या जोडणीतून बनलंय म्हणणाऱ्या डेमॉक्रिटसपाशी जाताना मास्तर विचारतो, लेगो हे जगातलं सगळ्यात हुशार खेळणं का? भाच्याचे ठोकळे पायाखाली आले की मी आजवर फक्त ओरडलेच होते.

पण आज मी पोचले बर्कलीपाशी. (वाचायचं असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.) हा आयरिश बिशप म्हणतो की वस्तूचं असणं म्हणजे कुणाच्या तरी जाणिवेत असणं. आणि नेमकं तिथेच उघड होतं की सोफी मुळी नाहीच. लेबननमध्ये असलेल्या कुणा मेजरने आपल्या मुलीच्या वाढदिवसासाठी लिहिलेल्या गोष्टीतलं ती एक पात्र. मला खरंच राग आला. इतकी पानं या पोरीची काळजी केली, आणि ती मेजरच्या डोक्यात! मग वाटलं, माझ्यासाठी तरी ती कधी कागदाबाहेर होती?

गंमत म्हणजे बर्कली मी आधी वाचलेला आहे. मागच्या दिवाळीत हौसेने पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा जाडजूड इतिहास आणला होता. ज्ञान म्हणजे काय ती ज्ञानमीमांसा, असणं म्हणजे काय ती सत्तामीमांसा, खाली पेन्सिलीच्या रेघा. बर्कलीपुढे समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'काहीतरीच'. त्याच पानात रिक्षावाल्याने दिलेली पाचाची फाटकी नोट अजून आहे. पुढे गेलेच नाही.

म्हणून काय कादंबऱ्याच वाचाव्यात? इथे माझी एकदा चांगली जिरलीय. फ्रेंच लेखक काम्यूची 'आउटसायडर' ही कादंबरी संपवली त्या रात्री मी नवऱ्याला तासभर ऐकवलं. तिचा नायक मर्सो कसा खरा माणूस, आईच्या शवाशेजारी बसून दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो, पण खोटं रडत नाही, आणि कोर्ट त्याला त्यासाठीच कसा मृत्युदंड देतं. नवरा भेंडी पुसत होता. म्हणाला, "आणि तो ज्याला मारतो, त्याचं नाव काय?"

नाव नाहीये. समुद्रकिनाऱ्यावर गोळ्या खाऊन पडलेल्या त्या अरबाला पुस्तकभर नाव नाही. ते सोडा, माझ्या तासाभराच्या भाषणात तो एकदाही आला नव्हता. कोर्टाला मेलेल्या माणसापेक्षा आईच्या अंत्यविधीचीच पडलेली, म्हणून मी कोर्टावर चिडले होते. मी तरी वेगळं काय केलं? काम्यूचा 'मिथ ऑफ सिसिफस' हा तत्त्वज्ञानाचा निबंधही कादंबरीच्याच वर्षीचा, १९४२चा. त्याची दहाच पानं वाचली, पण तिथे निदान 'थांब, हे मला मान्य नाही' म्हणता आलं. मर्सो म्हणतो, उन्हामुळे गोळी झाडली. कादंबरीत ते ऊन माझ्याही डोळ्यांवर आलं होतं.

तेव्हापासून वही घातलीय. कल्पना माझी नाही, महानुभावांची. बी. ए.ला 'दृष्टान्तपाठ' होता, चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त केसोबासांनी संकलित केलेले. आधी सूत्र, मग दृष्टान्त म्हणजे गोष्ट, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते ते. आंधळे आणि हत्ती सगळ्यांना आवडायचे. दार्ष्टान्तिक आम्ही मार्कांपुरतं घोकायचो. आता कळतंय, कादंबरीवाले तेवढंच आपल्यावर सोडून देतात.

तर वहीत डाव्या पानावर काय घडलं, आणि उजव्यावर त्यातून मला काय मानावं लागतंय. डावी पानं भराभर भरतात. मर्सोसमोर उजवीकडे तीन ओळी आहेत, तिन्ही खोडलेल्या. सोफीसमोर आज लिहिलं, 'बर्कली पटत नाही. पण चुकतो कुठे, ते सांगता येत नाही.'

एवढं लिहीपर्यंत स्वयंपाकघरातून चर्र आवाज आला. गॅसवर दूध ठेवून बसले होते. मी बघत नव्हते, कुणीच बघत नव्हतं, तरी ते शिस्तीत उतू गेलं. मोठ्या आनंदाने उजव्या पानावर 'दूध!!' असं लिहिलं. मग आठवलं, याचंही उत्तर बर्कलीने देऊन ठेवलंय. आपण बघत नसलो तरी देव बघत असतो.

बघत होता तर गॅस बंद करायला काय झालं होतं? ओटा मलाच पुसावा लागला.