बिदरी वाचायला शिकताना

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक पिकदाणी मिळाली. पसरट काठ, आवळलेली मान, खाली गोल पोट. अंग काळपट आणि त्यावर पांढुरक्या रेघांची वेलबुट्टी. विकणाऱ्याच्या दृष्टीने ते मोडीतलं भांडं होतं, माझ्या दृष्टीने बिदरी, म्हणजे काळ्या धातूत चांदीची नक्षी बसवलेलं, बिदरच्या नावाने ओळखलं जाणारं काम. आमचं मूळ गाव उदगीर. आजोबांच्या जुन्या कागदांवर ‘तालुका उदगीर, जिल्हा बिदर’ असंच लिहिलेलं आहे, कारण १९५६ पर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. घरात बिदरीचं एक पानदान होतं, वाटण्यांमध्ये ते गेलं. ती काळी-पांढरी नक्षी दिसली आणि मी फारशी घासाघीस न करता पैसे मोजले.

घासाघीस केली ती घरी आणल्यावर. भांडं मळलेलं वाटलं म्हणून पितळ घासायची पावडर घेतली आणि अर्धा तास मन लावून घासलं. धुतल्यावर बघते तर एका बाजूचा काळा रंग जाऊन तिथे राखाडी धातू उघडा पडलेला. पांढरी वेलबुट्टी आता राखाडीत जवळजवळ दिसेनाशी झाली होती. मी मळ काढत नव्हते, त्या वस्तूचा जीवच खरवडून काढत होते. त्या रात्री नीट झोप लागली नाही. ज्याबद्दल आपण एक ओळ वाचलेली नाही, त्या वस्तूला हात लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हेच डोक्यात फिरत राहिलं.

मग वाचन सुरू झालं. आधी मी चुकीचं वाचलं. जाड, गुळगुळीत कागदाची, मोठ्या चित्रांची पुस्तकं आणली. त्यांतल्या प्रस्तावना सुंदर असतात: दख्खनचे सुलतान, इराणहून आलेले कारागीर, बहमनी दरबार. हे सगळं वाचून मला छान वाटायचं, पण माझ्या पिकदाणीबद्दल काहीच कळायचं नाही. खरं शिक्षण सुरू झालं ते संग्रहालयांच्या सूचींपासून. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये बिदरीचा मोठा संग्रह आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्येही उत्तम नग आहेत. त्यांच्या नोंदी कोरड्या असतात: वस्तू काय, कुठली, साधारण कधीची, कशाची बनवलेली, उंची, व्यास. संग्राहकाने वाचायचं ते हेच, असं माझं आता ठाम मत आहे. मोजपट्टी घेऊन एकेक नोंद वाचली. तेवढ्या उंचीची वस्तू टेबलावर केवढी दिसेल ते पाहिलं आणि शेजारी माझं भांडं ठेवलं.

पहिला धडा धातूचा मिळाला. बिदरी लोखंडाची नसते आणि पितळेचीही नसते. ती बहुतांश जस्त आणि थोडं तांबं यांची असते. कारागीर साधारण सोळाला एक असं प्रमाण सांगतात. लोखंडावर सोन्याचांदीचं काम केलेल्या कोफ्तगिरीच्या वस्तूही काळ्या-पांढऱ्या दिसतात आणि बाजारात बिदरी म्हणून खपवल्या जातात. लोखंडाला चुंबक चिकटतो, जस्ताला चिकटत नाही. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक छोटा चुंबक कायम असतो.

दुसरा धडा कामाच्या पद्धतींचा. या शब्दांनी माझे डोळे उघडले. कोरलेल्या रेषेत चांदीची तार ठोकून बसवली की ती तारकशी. पान किंवा पाकळी खोल कोरून त्यात चांदीचा पत्रा पृष्ठभागाच्या बरोबरीने बसवला की तहनिशान. पत्रा जरासा उठावदार ठेवला तर झरनिशान, आणि चांगलाच उंच उठवला तर झरबुलंद. आफताबीत सगळं उलटं होतं. चांदीचा पत्रा मोठ्या भागावर पसरलेला असतो आणि तो कापून काढलेल्या जागी काळी नक्षी दिसते. नाव माहीत नसेपर्यंत मला सगळीकडे नुसती ‘नक्षी’ दिसायची. माझ्या पिकदाणीवर देठ तारकशीचे आहेत आणि पानं तहनिशानची, हे ज्या दिवशी मला भिंगातून स्वतःचं स्वतः दिसलं, त्या दिवशी मी ते भांडं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पाहिलं.

काळ्या रंगाचं कोडं मात्र पुस्तकात वाचूनही पुरतं उलगडेना, म्हणून बिदरला गेले. कारागीर वयस्कर होते, दख्खनी बोलणारे. त्यांनी एक ओतीव कलशी दाखवली, अजून कच्ची. घासून गुळगुळीत केलेल्या भांड्याला आधी मोरचुदाचं पाणी लावतात. त्याने येणारा काळेपणा तात्पुरता, फक्त टोचणीने काढलेलं रेखाटन उठून दिसावं म्हणून. मग छोट्या छिन्न्यांनी कोरायचं, चांदी ठोकायची, पुन्हा घासायचं. या टप्प्यावर सगळं भांडं एकसारखं पांढुरकं दिसतं आणि चांदी कुठली, जस्त कुठलं, ते ओळखू येत नाही. माझी पिकदाणी एका बाजूला नेमकी याच अवस्थेला परत गेली होती!

शेवटी माती. बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या बांधकामांत, जिथे वर्षानुवर्षं ऊनपाऊस पोचलेला नाही, तिथली माती नवसागराबरोबर कालवून गरम केलेल्या भांड्यावर चोळतात. तीत सोऱ्याचा अंश असतो. जस्ताचा भाग गडद काळा होतो आणि चांदीला काहीही होत नाही. माती चांगली की वाईट ते कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. मी बघत राहिले तेव्हा त्यांनी चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली, म्हणाले, “जबान पे रखके देखो, मॅडम.” खारट, किंचित झोंबणारी चव. जी गोष्ट तीन पुस्तकांत वाचली होती ती त्या क्षणी माझी झाली.

पिकदाणी त्यांना दाखवली. ते रागावले नाहीत, नुसतं अंगठ्याने काठावरून फिरवत राहिले. तो काळा रंग पुन्हा देता येतो, पण जुना परत येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी तीन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. माझ्या संग्रहाच्या वहीत मात्र पिकदाणीच्या नोंदीखाली लाल शाईत लिहिलं आहे: एका बाजूचा काळा रंग माझ्याकडून गेला, बिदरमध्ये नव्याने दिलेला आहे. पुढे ही वस्तू ज्याच्या हाती जाईल त्याला हे कळायलाच हवं.

वाचनाचा खरा उपयोग झाला तो हैदराबादच्या एका दुकानात. आदल्या दिवशी सालारजंग संग्रहालयात बिदरीच्या कपाटांपुढे उभं राहून पाय दुखेपर्यंत पाहिलं होतं. दुकानदाराने एक हुक्क्याचं बूड, म्हणजे पाणी भरायचं खालचं भांडं, पुढे ठेवलं. घंटेच्या आकाराचं, तळाशी पसरट. “मॅडम, बहमनी पीस आहे, पाचशे वर्षांचा.” मागितलेली किंमत माझ्या वर्षाच्या बजेटपेक्षा जास्त होती आणि खरं सांगते, मन मोहात पडलं होतं.

पण पाचशे वर्षांपूर्वी इथे हुक्का कुणी ओढत नव्हतं. तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. असद बेग नावाचा सरदार विजापूरहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारात गेला, ती अकबराची अगदी शेवटची वर्षं. बादशहालाही ती नवलाईची वाटली होती. बहमनी सत्ता तर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपली. शिवाय आकार. सतराव्या शतकातली हुक्क्याची बुडं बहुतेक गोल, चेंडूसारखी, त्यांना टेकायला वेगळं कडं लागायचं. स्वतःच्या तळावर उभं राहणारं घंटेच्या आकाराचं बूड अठराव्या शतकात रुळलं. हे सगळं मी दुकानात बोलून दाखवलं नाही. भिंग काढलं आणि जिथे ‘तार’ झिजली होती तिथे पाहिलं.

कारण हा तिसरा धडा होता आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. खऱ्या बिदरीतली तार गळून पडते तेव्हा मागे खाच राहते, तिच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसतात. विकणारा अशा जागा अंगठ्याखाली लपवतो आणि मी आता त्याच आधी शोधते. या बुडावर पांढरी रेघ संपली तिथे खाच नव्हतीच, खाली सपाट काळा पृष्ठभाग. म्हणजे वरून चढवलेला रंग. मी आभार मानून बाहेर पडले.

जमवायला लागल्यावर कायदाही वाचावा लागला. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भाचीने लग्नात एखादा नग मागितला तेव्हा तिला हे समजावून सांगितलं. तिच्यासाठी बिदरच्याच कारागिरांकडून नवी गुलाबदाणी करून घेतली.

गेल्या महिन्यात जुन्या बाजारातच एक डबीचं झाकण मिळालं, डबी नव्हतीच. चुंबक चिकटला नाही. मधोमध समोरासमोर दोन मासे, चांगले उंच उठवलेले. घरी येऊन सूची उघडल्या. झरबुलंद काम आणि माशांची जोडी, जी अवधच्या नवाबांचं राजचिन्ह होती, म्हणजे हे बिदरचं नसून लखनौचं असण्याची शक्यता जास्त. लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबाद इथेही हे काम होत असे, हे मला वाचल्याशिवाय कधी कळलं नसतं. वहीत लिहिलं: झाकण, जस्तमिश्र धातू, चांदी, झरबुलंद, बहुधा लखनौ, व्यास ९ सेंमी, एका माशाच्या शेपटीवरची चांदी गळालेली, खाच स्पष्ट. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं. पाणी लावलं नाही.