गॅरेजची बेडरूम: आधी टेप, मग टाईल्स

शनिवार

गॅरेजची बेडरूम करायची की नाही, हे पावसात ठरवावं. डिसेंबरात गाडी बाहेर काढली की कुठलंही गॅरेज आयती खोली वाटतं. चवथीचे पाहुणे, जिना चढू न शकणारे म्हातारे, सगळ्यांची सोय तिथेच दिसायला लागते. पण गोव्यात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. गॅरेज बांधताना या पाण्याचा विचार गाडीपुरताच झालेला असतो.

सोपी चाचणी अशी. ४५ सेंटीमीटरचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला आले तर ती हवेतली. दुसऱ्याला पंखा आणि खिडकी पुरते, पहिल्याला कोबा नव्याने करावा लागतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उंची, आणि ती कोणी मोजतच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराचं जोतं भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर सांगितलंय, गॅरेजला १५ पुरतात. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, गॅरेजला २.४. म्हणजे नियमाप्रमाणे काटेकोर बांधलेल्या गॅरेजची जमीन घराच्या पातळीला आणायला ३० सेंटीमीटर भराव टाकला, तर डोक्यावर २.१ मीटर उरतात. तिथे छताचा पंखा लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. एसी लावून उंची वाढत नाही. आणि भराव टाकला नाही, तर रस्त्याची पातळी डांबराच्या थरांनी दर काही वर्षांनी वर येत असते, खोली तिथेच राहते. हिशोब उलटा करायचा: आजच्या कोब्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत ३.०५ मीटर मिळाले तरच पुढचं बोलणं. मंगलोरी कौलांचं छप्पर असेल तर सरासरी उंची धरतात, तिथे थोडी मोकळीक आहे.

टेप मागच्या भिंतीपाशी लावायची. गॅरेजच्या कोब्याला दाराकडे उतार असतो. १०० ला १ धरला तरी ६ मीटर लांबीत ६ सेंटीमीटरचा फरक. शटरपाशी मोजलेली उंची फसवी.

३ बाय ६ मीटरच्या गॅरेजला माल किती? मागच्या बाजूला ३० सेंटीमीटर चढवायचे तर १५ भराव, १० काँक्रीट, ५ टाईल आणि तिचा बेड. उताराची पाचर धरून भराव सव्वातीन घनमीटर होतो. चोपल्यावर बसतो, म्हणून चार मागवायचा. मुरूम घ्यावा, चिकट लाल माती नको, ती उन्हाळ्यात आकसते आणि वरचं काँक्रीट पोकळ वाजायला लागतं. पाणी मारून नीट चोपलं की वर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडाला १५ सेंटीमीटर एकावर एक, कडा भिंतीवर तयार जमिनीच्या वरपर्यंत वळवलेल्या. मग १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, साधारण १.८ घनमीटर, सिमेंट १२ पोती. भरावाआधी जुन्या कोब्याला भिंतीच्या कडेने दर ३० सेंटीमीटरवर १२ मिलीमीटरचं भोक पाडून वाळवीचं औषध, भोकाला एक लिटर. नाहीतर हे नंतर टाईल फोडून करावं लागतं.

चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत मात्र हट्टी. खाली ओलप्रतिबंधक थर नसेल तर पाणी चिऱ्यातून चढतं, सोबत क्षार आणतं, आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. आतून वॉटरप्रूफ रंग मारला की ओल बंद होत नाही, हातभर वर चढून बाहेर पडते. भोकं पाडून रसायन सोडण्याचा उपाय विटेला ठीक. चिऱ्यात इतक्या पोकळ्या असतात की औषध कुठे गेलं ते कळत नाही. पैसे बाहेर घालावेत: भिंतीलगतची माती खाली उतरवणं, ६० सेंटीमीटरचा उताराचा कोबा, पागोळ्यांना पन्हाळ.

रविवार

शटरची जागा. तिथे नुसती भिंत उभी केली की दोन पावसांत उभी चीर पडते, कारण शटरखाली बहुतेक वेळा पायाच नसतो, पातळ कोबा असतो. पाया खणावा, किंवा हलक्या ब्लॉकची भिंत घ्यावी. जुन्या-नव्याच्या सांध्यावर दोन्हीकडे १५ सेंटीमीटर जाळी मारून मगच गिलावा. गाडीचा रस्ता गॅरेजकडे उतरत असेल तर भिंतीपुढे जाळीचं गटार हवंच. पश्चिमेकडे तोंड असेल तर ६० सेंटीमीटरचा छज्जाही.

दमट हवेच्या प्रदेशात खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश हव्यात: १८ चौरस मीटरला ३. एक भिंत घराला, एक कंपाउंडला लागलेली असली की हे ३ चौरस मीटर कुठून आणायचे? शटरच्या जागी १.५ बाय १.२ ची खिडकी म्हणजे जेमतेम १.८.

बाथरूम जोडायची असेल तर पुन्हा पातळी. ११० मिलीमीटरच्या पाइपला ४० ला १ उतार, म्हणजे सेप्टिक टँक ६ मीटरवर असेल तर १५ सेंटीमीटर. टँकच्या इनलेटची खोली आधी मोजावी. वायरिंगचं थोडक्यात: गॅरेजमधल्या एका दिव्याच्या सर्किटवर एसी चालत नाही. त्याला ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वेगळी वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की तोडणारा) हवा. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवू नये, चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

मंगळवार

कागद. मंजूर नकाशात ‘गॅरेज’ लिहिलेली जागा झोपायला वापरणं म्हणजे वापर बदलणं. पंचायत हद्दीत परवाना १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली येतो, त्याआधी नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी. वास्तुविशारदाला विचारायचे प्रश्न दोनच: ही जागा एफएआरमध्ये (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं त्या हिशोबात) धरली होती का, आणि गाडी गेल्यावर पार्किंग कुठे दाखवायचं. वडिलोपार्जित घर असेल तर फॉर्म १ आणि १४ वर (गोव्यातला जमिनीचा उतारा) कोणाकोणाची नावं आहेत ते बघून सहहिस्सेदारांची संमती आधी घ्यावी. भिंत उभी राहिल्यावर चुलतभाऊ जास्त महाग पडतात. पर्यटकांना भाड्याने द्यायचा बेत असेल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली वेगळी नोंदणी.

उंची पुरत असली तरी सगळं गॅरेज घेऊ नये, असं आता पक्कं वाटतं. मागचे ४ मीटर घेतले तरी १२ चौरस मीटरची खोली होते, संहितेच्या ९.५ ला पुरून उरते, आणि खिडक्या ३ ऐवजी २ चौरस मीटर लागतात. त्या मात्र बाजूच्या किंवा मागच्या मोकळ्या भिंतीत बसायला हव्यात. तशी भिंतच नसेल तर हा पर्याय बाद. पुढचे २ मीटर शटरसकट राहतात: स्कूटर, इन्व्हर्टर, छत्र्या, आणि पश्चिमेचा मारा झेलायला जागा. शटरखाली पाया खणायचं कामही वाचतं, मधली भिंत नव्या काँक्रीटवर हलक्या ब्लॉकची. त्या भिंतीत दार ठेवायचं नाही, पेट्रोलचा वास रात्रभर आत येतो. खोलीचं दार घराच्या बाजूने पाडावं, वर लिंटेल टाकून. ते भिंतफोडीचं काम ऑक्टोबरात सुरू केलं तर गिलावा वाळून रंग मिरगाआधी लागतो.