आमची वाटचाल : दोन अक्षरांची सोय आणि एक फजिती

२०२१ मध्ये कोथरूडच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आम्ही तिघांनी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहून देण्याचं काम सुरू केलं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम) म्हटलं की समोरचा विचारायचा, "म्हणजे बिटकॉइनच ना?" पहिलं वर्ष निम्मं हे समजावण्यातच गेलं.

उरलेलं निम्मं गेलं कमांड टाइप करण्यात. हार्डहॅटवर (असे कॉन्ट्रॅक्ट लिहून तपासण्याचं साधन) कोडची एक ओळ बदलली की 'एनपीएक्स हार्डहॅट टेस्ट', पुन्हा बदलली की पुन्हा तेच. मग 'हार्डहॅट-शॉर्टहँड' हे पॅकेज सापडलं. एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजचं भांडार) ग्लोबल, म्हणजे अख्ख्या मशीनसाठी, टाकलं आणि 'एनपीएक्स हार्डहॅट'च्या जागी नुसतं 'एचएच' आलं. चालतं मात्र त्या-त्या प्रोजेक्टमधलंच हार्डहॅट, त्यामुळे जुन्या-नव्या व्हर्जनची सरमिसळ होत नाही. ऑटोकम्प्लीट वेगळं बसवावं लागतं, पण बसवाच.

इथवर ठीक होतं. पुढे आम्हाला चटक लागली. प्रत्येकाने आपापल्या बॅशआरसीत (टर्मिनलची सेटिंग फाइल) एलियस, म्हणजे कमांडची छोटी टोपणनावं, भरले. कुणाचा 'टी', कुणाचा 'डी'. एकाच्या लॅपटॉपवर दुसरा बसला की पंचाईत. २०२४ मध्ये गोएर्ली टेस्टनेट (खऱ्या पैशांशिवाय चाचणी करायचं नेटवर्क) बंद व्हायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी घाईघाईने आपले एलियस सेपोलिया या दुसऱ्या टेस्टनेटकडे वळवले. एका मशीनवर मात्र 'डी' म्हणजे थेट पॉलिगॉनच्या मेननेटवर (खऱ्या पैशांच्या नेटवर्कवर) डिप्लॉय, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट चढवणं, होतं. मशीन माझंच. ग्राहकाचं अर्धवट कॉन्ट्रॅक्ट एका अक्षरात मेननेटवर गेलं. गॅसचा (नेटवर्कच्या शुल्काचा) खर्च किरकोळ, पण झालेलं डिप्लॉयमेंट चेनवरून पुसता येत नाही. ग्राहकाला फोन मीच केला.

त्यानंतर वैयक्तिक एलियस बंद. शॉर्टकट आता रेपोतल्या (सगळ्यांच्या सामायिक कोडमधल्या) मेकफाइलमध्येच, म्हणजे कमांड लिहून ठेवायच्या फाइलमध्येच, सगळ्यांना एकसारखे. (मेकफाइलमध्ये टॅबऐवजी स्पेस पडली की ती रुसते, हे प्रत्येक नवा मुलगा एकदा अनुभवतोच.) डिप्लॉय स्क्रिप्ट आधी चेन आयडी, म्हणजे नेटवर्कचा क्रमांक, तपासते : सेपोलिया १११५५१११, पॉलिगॉन १३७. जुळला नाही की तिथेच थांबते.

नवी कामं आता फाउंड्रीवर, म्हणजे हार्डहॅटसारख्याच दुसऱ्या साधनावर, आहेत. तिची 'फोर्ज टेस्ट' ही कमांड मुळातच आटोपशीर. लांबलचक असते ती डिप्लॉय करणारी 'फोर्ज स्क्रिप्ट'. तिला 'ब्रॉडकास्ट' जोडलं नाही तर ती नुसती रंगीत तालीम करते, चेनवर काही पाठवत नाही. सेपोलियासाठी तो शब्द मेकफाइलमध्ये आहे. मेननेटसाठी मुद्दाम ठेवलेला नाही. तो हाताने लिहायचा, शेजारी दुसरा कुणीतरी बसलेला असताना.