तुम्ही विचारलंत म्हणून: सिकलसेलचं औषध केव्हा काढणार?

लग्न असो, वास्तू असो नाहीतर सीताबर्डीत भेटलेली शाळेतली मैत्रीण असो, मी जीन डिलिव्हरीवर काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. 'मग सिकलसेलचं औषध केव्हा काढून राहिली तू?' मोठी आई तर दर दिवाळीला विचारते. सिकलसेल हा रक्तातल्या लाल पेशींचा, आईबापांकडून येणारा आजार. इकडे विदर्भात तो म्हणजे पेपरातली बातमी नाहीये, ओळखीतल्या कुणाच्या तरी घरात पेशंट असतोच, त्यामुळे हसून टाळता पण येत नाही. म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

पहिली गोष्ट, जीनमधली चूक दुरुस्त करणारं जे काही आहे ते मी बनवत नाही. ते पेशीच्या आत पोचवणारं रसायन मी बनवते. सिकलसेलमधली चूक तशी अगदी छोटी आहे, हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रोटीनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या मण्याऐवजी व्हॅलिन हा मणी येतो, बस. कुठे दुरुस्ती करायची हे केव्हाचं माहिती आहे, तिथपर्यंत जायचं कसं यावर गाडी अडते. पोचवायचा माल म्हणजे डीएनए नाहीतर आरएनए, दोघांवर निगेटिव्ह चार्ज, पेशीचा पडदाही बाहेरून निगेटिव्ह, म्हणजे दोघं एकमेकांना ढकलणार, आणि नुसता आरएनए रक्तात सोडला तर तिथले एन्झाइम त्याचे तुकडे करून टाकतात.

मग केमिस्ट लोकांनी सरळ हिशोब केला, पॉझिटिव्ह चार्जचं काहीतरी बनवा, ते डीएनएला चिकटेल, गोळा होईल, गोळा आत जाईल. 1987 मध्ये डॉटमा नावाचा लिपिड, म्हणजे चरबीसारखा रेणू, आला, 1995 मध्ये पीईआय, म्हणजे पॉलिएथिलीनइमाइन, जो कागदाच्या कारखान्यात वापरायचा पॉलिमर. दोन्ही चालले, पेशींत डीएनए शिरलासुद्धा. पण जो चार्ज डीएनएला धरून ठेवतो तोच पेशीचा पडदा फाडतो. घट्ट धरणारा रेणू विषारी, सौम्य रेणू बिनकामाचा, आमच्या धंद्यातली अर्धी डोकेदुखी एवढीच आहे.

उरलेली अर्धी आत गेल्यावर सुरू होते. पेशी तो गोळा गिळते पण एका पिशवीत ठेवते, तिला एंडोसोम म्हणतात, आणि त्या पिशवीतून वेळेत बाहेर नाही पडलं तर सगळा माल तिथेच पचतो. म्हणजे ऑटोवाल्यानं स्टेशनवरून बरोबर घरापर्यंत आणलं, पण दारच उघडून दिलं नाही, असं. 2013 च्या एका अभ्यासात लिपिडच्या कणांतून गेलेल्या आरएनएपैकी 1 ते 2 टक्केच पिशवीबाहेर पडलेला दिसला. मला अजूनही हा आकडा वाचला की कसंतरी होतं.

यावर जी युक्ती निघाली ती मात्र फार सुंदर आहे. रक्ताचा पीएच 7.4, तिथे रेणूवर चार्ज जवळपास नसावा म्हणजे तो कुणाला त्रास देणार नाही, आणि पिशवीत आम्लता वाढली की त्याच्यावर चार्ज यावा, मग त्यानं पिशवीचा पडदा फोडावा. त्यासाठी रेणूचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याच्यावर अर्धा चार्ज येतो तो आकडा, साधारण 6.2 ते 6.5 लागतो. एमसी3 नावाच्या लिपिडचा 6.44 आहे, आणि त्याच्यावरच 2018 मध्ये पॅटिसिरान हे आरएनएचं औषध मंजूर झालं. अमेरिकेतल्या कोविडच्या एमआरएनए लशींमधले लिपिड याच घराण्यातले, फक्त त्यांच्या शेपट्यांत एस्टर, म्हणजे सहज तुटणारा जोड, टाकलाय म्हणजे काम झाल्यावर शरीर त्यांना मोडून टाकतं. एमसी3 लिव्हरमध्ये बरेच दिवस रेंगाळतो.

आम्ही लॅबमध्ये काय करतो तर हेच, रेणूच्या डोक्याकडचा अमाइन, म्हणजे चार्ज घेणारा नायट्रोजनचा भाग, बदला, शेपटी लांब करा, आखूड करा, मध्ये एस्टर घाला. ऐकायला सोपं आहे. हे अमाइनवाले रेणू शुद्ध करायला घेतले की सिलिकाच्या कॉलममध्ये असे चिकटून घसरत येतात की थोडं ट्रायएथिलअमाइन टाकल्याशिवाय सुटत नाहीत, आणि नागपूरचा मे महिना वेगळाच. पेपरात लिहिलेलं असतं रूम टेम्परेचरला ढवळा, त्यांचं रूम टेम्परेचर 25 डिग्री, आमच्याकडे एसी बंद पडला की 40. डायएथिल इथर 34.6 ला उकळतो, म्हणजे पॉलिमर खाली बसवायला आणलेला इथर बाटलीचं झाकण काढताच उडायला लागतो. मे मध्ये इथरचं काम सकाळी लवकर उरकायचं, बर्फात ठेवून, हा आमच्याकडचा नियम.

मग टेस्टिंग. जेलवर चालवून बघायचं डीएनए धरला का, धरला असेल तर तो खाचेतच अडकून राहतो. कणाचा साइज मोजायचा, 100 नॅनोमीटरच्या आसपास आला तर जीव भांड्यात. मग पेशींना द्यायचं, हिरवा चमकणारा प्रोटीन बनवणारं प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, घालून, आणि सोबत एमटीटी नावाची टेस्ट, ज्यात जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात. हिरवं भरपूर आणि जांभळं पण भरपूर, असं दोन्ही एकत्र क्वचित दिसतं.

इथे माझं एक गाऱ्हाणं आहे. ढीगभर पेपर फक्त एचईके293 या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर रिझल्ट दाखवून 'बाजारातल्या रिएजंटपेक्षा आमचं भारी' म्हणतात. अहो, ती पेशी काहीही गिळते! सीरम, म्हणजे रक्तातलं प्रोटीनवालं पाणी, टाका, रक्तातून काढलेल्या खऱ्या पेशी घ्या, मग बघू. माझ्या मते बिनसीरमच्या रिझल्टवरून मोठा दावा करूच नये.

आता सिकलसेल. हे लिपिडचे कण शिरेतून दिले की रक्तातलं एपोई नावाचं प्रोटीन त्यांच्यावर चिकटतं आणि लिव्हर त्यांना खेचून घेतं. म्हणून लिव्हरच्या आजारात हे जमलं, 2025 मध्ये फिलाडेल्फियात एका बाळाच्या लिव्हरमधली जीनची चूक याच पद्धतीनं दुरुस्त केली. पण लाल पेशी तयार होतात बोन मॅरोत, तिथल्या स्टेम सेलपर्यंत शिरेतून नीट जाणारा कण माणसासाठी अजून मंजूर नाही. 2023 मध्ये आलेल्या कॅसजेव्ही या सिकलसेलच्या जीन उपचारात काय करतात, पेशंटच्या स्टेम सेल बाहेर काढतात, विजेचे झटके देऊन आत क्रिस्पर, म्हणजे डीएनए कापणारी कात्री, घालतात, मग पेशंटला तगडी केमो देऊन त्या परत सोडतात. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं 18 कोटी रुपये. मोठ्या आईला हा आकडा सांगितला तर ती म्हणाली, 'बाप्पा, एवढ्यात तर अख्खी गल्ली येते.'

म्हणून तर इंजेक्शननं मॅरोपर्यंत जाणारं काहीतरी हवंय, आणि जगभर लोक त्याच्यामागे आहेत, आम्ही त्यातले एका कोपऱ्यातले. आमच्याच फ्लास्कमधून औषध निघेल का? बहुतेक नाही. माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात पोचलेल्या औषधांतही दहातलं एखादंच शेवटी मंजूर होतं, आमचे रेणू तर उंदरापर्यंतच फार कमी जातात. ज्यांनी पेशी मारल्या त्यांची पण नोंद ठेवतो, पुढच्यानं तीच शेपटी परत लावू नये म्हणून.

आणि हे सगळं लिहायला बसले त्याचं खरं कारण वेगळंच आहे. मध्ये एका ओळखीच्या बाईंनी मुलाच्या सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या कमी केल्या, का तर आता जीनचं इंजेक्शन येणारच आहे. असं करू नका हो. ती गोळी बाळाच्या वेळचं हिमोग्लोबिन वाढवते, दुखण्याचे झटके कमी करते, आणि आज मिळते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस बदलायचा नाही, आणि लग्न ठरवताना दोघांचीही सिकलसेलची टेस्ट करून घ्या, पत्रिका नंतर बघा.