आमची वाटचाल : ट्रॉलर, शिसं आणि काचेची पेटी

इमारतींची मॉडेलं करणारे मुंबईत पुष्कळ आहेत. खोल समुद्रातला ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे धरणारं जहाज, मापात करून देणारे फार थोडे, आणि आम्ही त्यांतले. मधली वर्षं बिल्डरांचे टॉवर करण्यात गेली. त्यांवर लिहिण्यासारखं काही नाही.

एका संग्रहालयासाठी 40 मीटरचा स्टर्न ट्रॉलर (जाळं मागच्या बाजूनं ओढून घेणारा) 1:50 ला केला, म्हणजे 80 सेमी. हल, म्हणजे जहाजाचं मुख्य अंग, शिवण लाकडाच्या 10 मिमी फळ्यांचे थर चिकटवून, आतून पोकळ. भिंत 8 मिमीच ठेवायची. भरीव ठोकळा एसीत तडकतो. सीलरचे हात आतूनही बाहेरच्याइतकेच द्यायचे, नाहीतर एकाच बाजूनं दमट हवा शोषून हल पिळतो. वेल्डिंगच्या रेषा उठवू नका. 12 मिमीचा पत्रा इथे पाव मिमीचा होतो, त्यावरची वेल्ड दिसेलच कशी?

खरा कस जाळ्यात. शेपटीकडच्या पिशवीचा आस, म्हणजे जाळ्याचं एक भोक, ताणून 40 मिमी, म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत 20, मॉडेलवर 0.4. एवढं कोणी विणत नाही. विरळ विणीचं रेशमी कापड 45 अंशांत तिरकं कापलं की चौकोनांचे शंकरपाळे होतात. जाळ्याच्या तोंडाकडच्या पंखांचे मोठे आस मात्र हातानं, गाठी मारून. ते काम पहिल्यापासून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले एक चाचा करतात. नायलॉनला ते हात लावत नाहीत. बारीक नायलॉन स्वतःच्या वजनानं लोंबत नाही, ताठ उभा राहतो. पुढच्या टेंडरला निम्म्या भावात शिरलेल्या स्पर्धकानं मच्छरदाणीचं कापड लावलं. षटकोनी भोकं! समितीत एकालाही खटकलं नाही.

धंदा बसायची वेळ आली ती मॉडेल ठेवायच्या काचेच्या पेटीमुळे. आमच्या पत्रात पावडर कोटेड स्टील आणि न्यूट्रल (आम्ल न सोडणारं) सिलिकॉन असं स्पष्ट लिहिलं होतं. सजावटीच्या ठेकेदारानं एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तळ बसवला आणि व्हिनेगरसारखा वास मारणाऱ्या सिलिकॉननं काच बंद केली. दोन्हींतून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते. बंद पेटीत ती जाणार कुठे? शिशात ओतलेले बोलार्ड (दोर बांधायचे खुंट), नांगर, जाळ्याचं तोंड फाकवणाऱ्या ऑटर बोर्डांचे कंस, सगळ्यांवर पांढरी भुकटी धरली. ठपका आमच्यावर, शेवटचा हप्ता अडकला, पगारासाठी लेथ गहाण पडला. ‘पुसून वर लॅकर मारा’ म्हणणारेही भेटले. पेटी तीच राहिली तर लॅकरखाली पुन्हा भुकटी फुगते. पेटी बदलून घेतली, ते सगळे भाग शिसं नसलेल्या कथलाच्या मिश्रधातूत पुन्हा ओतले, खर्च आमचा.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांनी पेटीचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय ओतकाम सुरू करू नये. पितळी रेलिंगला डाग दिला (सोल्डर केलं) की सोड्याच्या गरम पाण्यात धुवा. डाग धरावा म्हणून लावलेला फ्लक्स राहिला तर रंगाखालून हिरवं येतं. आणि शेवटचा हप्ता मॉडेल ताब्यात दिल्याच्या पावतीशी जोडून घ्या, उद्घाटनाशी नको. उद्घाटनाला मंत्री लागतो.