लॉनवरचा करपा आणि न फवारलेला वाफा

करप्यावर औषध मारलं, थोड्या दिवसांत लॉन पुन्हा हिरवं झालं, म्हणजे औषध लागू पडलं, हा हिशेब मला पटत नाही. रायझोक्टोनिया या बुरशीचा करपा पाती जाळतो, पण गवताचा बुडखा बहुतेक वेळा जिवंत राहतो. रात्री थंड झाल्या, दव कमी पडायला लागलं की तेच गवत आपसूक फुटतं. त्या सुमाराला जे काही फवारलेलं असेल त्याला फुकटचं श्रेय मिळतं. म्हणून बुरशीनाशकांची चाचणी लावताना मी सगळ्यात आधी कोणते वाफे फवारायचे नाहीत ते ठरवते.

त्याच्याही आधी करपा कोणता हे ओळखायला हवं. दव असताना पहाटे जाऊन बघावं. रायझोक्टोनियाचे चट्टे गोलसर असतात, कडेला कधी धुरकट करडं वलय दिसतं आणि पातीवरच्या फिकट डागाला गडद तपकिरी कडा असते. पिथियम या दुसऱ्या रोगजंतूच्या करप्यात पाती तेलकट, काळपट होऊन हाताला बुळबुळीत लागतात, एकमेकींना चिकटून लोळतात आणि वर कापसासारखे पांढरे धागे दिसतात. हे डाग उताराच्या पाण्याबरोबर किंवा मोव्हरच्या चाकांच्या रेषेत लांबत जातात. तरीही शंका असेल तर मी आजारी गवताची गड्डी ओल्या कागदासोबत पिशवीत बांधून रात्रभर ठेवते आणि सकाळी धागे सूक्ष्मदर्शकाखाली बघते. रायझोक्टोनियाच्या धाग्याला जवळजवळ काटकोनात फांद्या फुटतात आणि आत आडपडदे असतात. पिथियमच्या कोवळ्या धाग्यात असे पडदे नसतात.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण पिथियम ही खरी बुरशी नाहीच. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधं बुरशीला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. पिथियम ते स्वतः बनवतच नाही, त्यामुळे त्याच्यावर ही औषधं वाया जातात. मेटॅलॅक्सिलचं बरोबर उलटं: पिथियमवर चांगलं, रायझोक्टोनियावर निरुपयोगी. अझॉक्सिस्ट्रॉबिन दोन्हींवर चालतं, पण ते रोग येण्याआधी मारलं तर जास्त गुणकारी. निदान चुकलं की चांगलं औषध नापास होतं आणि तसाच शेरा मनात पक्का बसतो.

लॉन सगळीकडे सारखं नसतं. एका बाजूला झाडाची सावली, एकीकडे पाणी साचणारा खोलगट भाग. मी जागेचे चार पट्टे पाडते, शक्यतो प्रत्येक पट्टा आतून एकसारखा असेल असे. प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक औषधाचा एक वाफा आणि एक कोरा, म्हणजे औषध न मारलेला, वाफा; कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या प्रयोगशेतीवर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920च्या दशकात ही शिस्त बसवली, आणि लहानशा हिरवळीलाही ती तितकीच लागू आहे.

मापात मात्र हयगय नको. हेक्टरी 800 लिटर पाणी धरलं तर चौरस मीटरला 80 मिली येतं, म्हणजे दोन चौरस मीटरच्या वाफ्याला 160 मिली. आधी साध्या पाण्याने चालण्याचा वेग बसवून घ्यावा. कोऱ्या वाफ्यावरही तेवढंच साधं पाणी मारायचं. फवारा शेजारच्या वाफ्यावर उडू नये म्हणून वारा पडलेली वेळ निवडायची, मध्ये पट्टी मोकळी सोडायची. हातमोजे, मास्क आणि लॉनसाठी मान्यता असलेलंच औषध, लेबलवरच्या मात्रेतच. कापणी गवत कोरडं असतानाच, कोरे वाफे सगळ्यात शेवटी, मग मोव्हर धुऊन ठेवायचा.

नोंदी घेताना मन फार दगा देतं. खुंट्यांवर मी फक्त आकडे लिहिते; कोणत्या आकड्याला कोणतं औषध ते घरातल्या दुसऱ्या कुणाकडे बंद पाकिटात. उभ्या-आडव्या दोऱ्या ताणलेली चौकट वाफ्यावर ठेवून, शंभर गाठींपैकी किती गाठींखाली करपलेलं गवत आहे ते मोजते. ही मोजणी दर दोन-तीन दिवसांनी व्हायला हवी, कारण उष्ण, दमट रात्री पिथियम एका रात्रीतसुद्धा मोठा चट्टा पाडतो आणि पंधरवड्याने एकदा बघणाऱ्याला रोगाचा वेग कळत नाही. रंगाची नोंद वेगळ्या रकान्यात. प्रोपिकोनॅझोलसारख्या औषधांनी गवत निळसर गडद होतं, वाढ मंदावते, आणि अशा वाफ्याला नजर उगाच जास्त गुण देऊन जाते.

जिंकलेलं औषधही मी सलग मारत नाही. 1980च्या दशकातच मेटॅलॅक्सिलला दाद न देणारं पिथियम लॉनवर सापडलं होतं. वेगळ्या गटाचं, म्हणजे वेगळ्या तऱ्हेने काम करणारं, औषध आलटून-पालटून वापरायला हवं. गटाचा आकडा लेबलवर असेल तर तो बघूनच निवड करावी.

पुढच्या दमट हंगामात औषधांच्या रांगेत मला आणखी एक वाफा हवा आहे: नत्र बेताचं, पाणी संध्याकाळी न देता पहाटे, आणि रोज सकाळी दोर ओढून दव झाडलेलं. फवारणी शून्य. त्याची मोजणीही त्याच चौकटीने होईल, त्याच दिवशी.