भुकटीचा रंग

घरदुरुस्तीची हौस असलेल्या मित्रांच्या टोळक्यात कुणी ड्रिल मागितलं, की बोलणं साधारण असं चालतं.

"अरे, तुझा हॅमर मोकळा आहे का शनिवारी?"

"आहे की. भिंत कसली आहे?"

"कसली म्हणजे? हॉलची."

"तसं नाही रे. बिल्डिंग कधीची?"

मागणाऱ्याला हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो, पण आहे अगदी रास्त. ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत मिळून भिंतींच्या निदान चार जाती नांदतात, आणि रंगाचा हात फिरला की चारही सारख्याच दिसतात. नौपाडा, चरईतल्या जुन्या दोन-तीन मजली इमारतींत सगळा भार विटांच्या भिंतींवरच. भिंत नऊ इंची, कधी साडेतेरा इंची. पुढे कॉलम-बीमचा सांगाडा आला आणि मधल्या जागा विटांनी भरल्या जाऊ लागल्या. मग विटांच्या जागी हलके, राखाडी-पांढरे ब्लॉक आले. कुठल्याही कंपनीचे असले तरी गवंडी त्यांना सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतात. आणि घोडबंदर रोड, खारघरकडे जे उंच टॉवर झालेत, त्यांतल्या कित्येकांत वीटही नाही नि ब्लॉकही नाही. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओतलेले. 'मिवान'चं घर म्हणजे चहूबाजूंनी काँक्रीट.

बिल्डरच्या माहितीपत्रकात इटालियन मार्बल सापडतो, भिंत कशाची ते सापडत नाही. ते ड्रिलच सांगतं. कपाटाआड, पलंगामागे, जिथे भोक राहिलं तरी कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी जागा बघायची. खाली कागदाची पन्हाळी करून चिकटपट्टीने लावायची आणि ६ मिमीच्या बिटने (ड्रिलच्या तोंडाशी बसणारी, भोक पाडणारी दांडी) हळूहळू आत जायचं. पहिला अर्धा इंच पांढरी, मग करडी भुकटी पडते; ती पुट्टी आणि प्लास्टर. आतलं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिमीचं. त्यानंतर रंग बदलतो का ते बघायचं. लाल आली तर वीट. पांढरट, पिठासारखी हलकी आणि ड्रिलला काही जोरच लागेना, तर ब्लॉक. करडीच राहिली, पडायची जवळजवळ थांबली आणि ड्रिलचा आवाज चढला, तर काँक्रीट. आणि शुभ्र भुकटीनंतर बिट एकदम पोकळीत गेलं, तर ती भिंतच नव्हे, जिप्समचं पार्टिशन आहे. त्यावर टीव्ही टांगायचा विचार तिथल्या तिथे सोडावा.

विटेची भिंत सगळ्यात समजूतदार. साधं १० किंवा १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा) इम्पॅक्ट ड्रिल तिला पुरतं, घाव आणि फिरकी दोन्ही ती सोसते. पण तिच्यातही दोन खोड्या आहेत. पहिली पडद्याच्या दांडीची. घरभर भोकं लोण्यात सुरी जावी तशी पडतात, आणि खिडकीवर आलं की ड्रिल अडतं. माणूस बिट बोथट झालं म्हणून दुकानात पळतो. बिटाचा दोष नसतो. खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटेल असतं, बहुधा सहा इंच उंच आणि दोन्ही बाजूंना भिंतीत आणखी सहा-आठ इंच घुसलेलं, आणि दांडीचे ब्रॅकेट आपण नेमके त्यावरच आखतो. एक तर लिंटेल ओलांडून वर जावं, नाहीतर दांडी लांब घेऊन बाजूला सरकावं. पडदा उंचावर लावल्याने खोली उंच दिसते असं इंटिरियरवाले सांगतात. त्यातल्या निम्म्यांचं खरं कारण लिंटेल असावं.

दुसरी खोडी चार इंची भिंतीची. दोन खोल्यांमधली आडभिंत बहुतेक तेवढीच असते. तिच्यावर कुणी उत्साहाने मोठा रोटरी हॅमर ठोक्यावर ठेवून चालवला, की पलीकडच्या खोलीत तळहाताएवढा प्लास्टरचा पोपडा खाली येतो. हॅमरमधला पिस्टन हवेच्या दाबाने बिटावर ठोके देतो, त्याला वीट म्हणजे काहीच नाही. अशा भिंतीत ठोका बंद ठेवून नुसत्या फिरकीवर जायचं आणि दोन इंचांपुढे जायचंच नाही.

मिवानमध्ये नेमकं उलट. तिथे इम्पॅक्ट ड्रिल दामटलं की बिटाचं टोक निळं पडतं, कार्बाइडचा तुकडा उडतो आणि भिंतीला जेमतेम खळगा पडतो. तिथे एसडीएस चकचा, म्हणजे ज्यात बिट खाचांनी अडकतं असा, रोटरी हॅमरच हवा. ८ मिमीचं दोन इंच खोल भोक तो अर्ध्या मिनिटाच्या आत देतो. त्याला रेटायचं नसतं. अंगाचा भार टाकला की काम उलट मंदावतं. यंत्राच्या वजनापुरता हात ठेवला की झालं. इंचभर आत सळई असते. बिट एकाच जागी नाचू लागलं, आवाज टणटणीत झाला आणि भुकटी थांबली, तर ती सळईच समजावी आणि इंच-सव्वा इंच बाजूला सरकावं. सळई कापून पुढे जाण्यात मर्दुमकी नाही. ती भिंत वरचे वीस मजले तोलते आहे.

आणि ब्लॉक! त्याच्याइतका फसवा प्रकार नाही. भोक सुरेख पडतं, स्क्रू सुरेख बसतो, आणि चार महिन्यांनी शेल्फ स्क्रूसकट हातात येतं. हा ब्लॉक आतून बुडबुड्यांनी भरलेला असतो, तेवढ्याच आकाराच्या विटेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाचा. नेहमीची गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात तो प्लास्टिकचा प्लग) फुगते तेव्हा आजूबाजूचं चिरडतं आणि पकडायला काही उरत नाही. म्हणून ठोका कटाक्षाने बंद, ६ मिमीच्या गिट्टीला ५ मिमीचं भोक, आणि गिट्टी ब्लॉकसाठीच बनवलेली, लांब नि पंखांची किंवा पिळाची. स्क्रू घट्ट झाला की तिथेच थांबायचं. 'अजून अर्धा पीळ' म्हणून आवळला की आत गरगर फिरू लागतो, आणि मग ते भोक कामातून गेलं. टीव्हीसाठी जवळपास कॉलम सापडतो का पाहावं. नसेलच, तर १९ मिमी प्लायची फळी आठ-दहा स्क्रूंवर भिंतीला बसवून ब्रॅकेट तिला लावावं, म्हणजे भार वाटला जातो. एसीचं बाहेरचं युनिट असेल तर आरपार बोल्ट आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी. त्याला दुसरा उपाय नाही.

मंडळी ड्रिलच्या वॅटवर तासभर वाद घालतात आणि गिट्ट्या मात्र नाक्यावरून मिळतील त्या मूठभर उचलतात. सगळं काम खरं तर गिट्टीच करते. पूर्वी इलेक्ट्रिशियन छिन्नीने भिंतीत खड्डा करून लाकडी गुटका ठोकायचे आणि सिमेंटने लिंपायचे. इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी १९११च्या सुमारास तागाच्या धाग्यांचा प्लग काढला. जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये नायलॉनचा आणला, आणि तो करडा, दोन जबड्यांचा प्लग आजही जांभळी नाक्याच्या दुकानांत मिळतो. मऊ, चकचकीत, चिमटीत दाबल्यावर चेपणाऱ्या गिट्ट्या घेऊ नयेत. त्या फुगत नाहीत, नुसत्या ताणल्या जातात.

हिशेब सोपा आहे. ६ मिमीची गिट्टी ३० मिमी लांब. तिच्यासाठी भोक ४० मिमी खोल, कारण तळाशी भुकटी साचते आणि स्क्रूचं टोकही गिट्टीतून थोडं बाहेर यावं लागतं. स्क्रूची लांबी म्हणजे गिट्टी, अधिक ब्रॅकेटची जाडी, अधिक स्क्रूची स्वतःची जाडी. तीस, तीन आणि चार मिळून सदतीस. म्हणजे आठ नंबरचा दीड इंची स्क्रू. ८ मिमीच्या गिट्टीला दहा नंबर, दोन इंची. आखूड स्क्रू घेतला तर गिट्टी फक्त तोंडाशी फुगते, म्हणजे प्लास्टरमध्ये. पुट्टी-प्लास्टर जाड असेल तर गिट्टी आणखी आत ढकलायची आणि स्क्रू तेवढा लांब घ्यायचा. भोक झाल्यावर त्यात फुंकर मारतात (डोळे मिटून मारावी), पण सायकलचा छोटा पंप किंवा जुन्या औषधाचा रबरी फुगा बरा. मग गिट्टी भोकात धरायची. बोटाने निम्मी जावी आणि उरलेली हातोडीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी. बोटानेच पूर्ण गेली तर भोक सैल. ठोकताना वाकली तर आत भुकटी आहे. स्क्रू शेवटच्या दोन पिळांत जड व्हायला हवा. तो जडपणा मनगटाला कळतो, त्यासाठी शेवटचे पीळ हातानेच द्यावेत.

बाथरूमच्या टाइलवर ठोका म्हणजे चीर ठरलेली. टाइल संपेपर्यंत नुसती फिरकी, मंद गती, भाल्याच्या टोकाचं, काचेला भोक पाडायचं बिट. व्हिट्रिफाइड असेल तर डायमंड बिट आणि वरून थेंबथेंब पाणी. कागदी टेप लावून त्यावर खूण केली की बिट घसरत नाही. टाइल पार झाल्यावर बिट बदलायचं. गिट्टी टाइलच्या मागे, भिंतीत गेली पाहिजे. टाइलमध्येच राहिली तर स्क्रू आवळताना ती फुगते आणि टाइल उकलते, तीही सगळं काम झाल्यावर. गिझरचं वजन खोक्यावरचं धरू नये: १५ लिटरच्या टाकीत १५ किलो पाणी बसतं आणि ते आयुष्यभर तिथेच असतं. तिथे गिट्टी नको, फास्टनर, म्हणजे भिंतीत फुगणारा लोखंडी बोल्ट, हवा.

वायरिंगचा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि तरी मोडला जातो. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक नाही. बाथरूममध्ये मिक्सर (गरम-गार पाण्याचा नळ) आणि शॉवरच्या मधल्या पट्ट्यात तर नाहीच, तिथे पाण्याचा पाइप असतो. शंका आली तर त्या खोलीचा एमसीबी खाली करून ड्रिल दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनवर घ्यावं. जुन्या इमारतींत कुणी कधी वायर तिरपी नेली असेल सांगता येत नाही.

स्क्रूच्या बाबतीत सुतारांशी नेहमीचा वाद: जिप्सम बोर्डासाठीचा काळा स्क्रू. तो धारदार, स्वस्त, लाकडात झरझर जातो, म्हणून सगळीकडे ठोकला जातो. पण तो ठिसूळ असतो आणि खाडीच्या हवेत फार तग धरत नाही. ऐरोली, वाशी, कोपरीकडे बाल्कनीत लावला तर पावसाळ्यानंतर डोकं तुटून हातात आणि दांडा भिंतीत. बाहेर ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. बाहेरच्या बाजूने भोक पाडताना आतल्या दिशेने किंचित चढ द्यावा, म्हणजे पाणी आत न येता बाहेर ओघळतं, आणि तोंडाशी सिलिकॉन भरावं. जुलैत ओल्या भिंतीला हातच लावू नये. भुकटीचा चिखल होऊन बिट भरतं आणि सिलिकॉन चिकटत नाही. भुकटीत गंजाचा तपकिरी रंग दिसला, किंवा प्लास्टर बोटाने ठोकल्यावर बद्द वाजलं, तर काम तिथेच थांबवून सोसायटीच्या कमिटीला कळवलेलं बरं. तिथे शेल्फपेक्षा सळईची काळजी आधी.

भोक मोठं झालंच तर काड्यापेटीच्या काड्या खुपसण्याचा रिवाज आहे. फोटोच्या फ्रेमला चालतो, विटेत. पुढे त्याची जबाबदारी कुणी घेत नाही. खरं म्हणजे तेच भोक एक नंबर वाढवून मोठी गिट्टी घालावी, नाहीतर एपॉक्सी पुट्टी मळून, ओलसर बोटाने खोलवर दाबून, पूर्ण वाळल्यावर नव्याने पाडावं. पुट्टीवाल्याची पांढरी पुट्टी भरून वर स्क्रू लावणं म्हणजे शुद्ध आशावाद.

आता देण्याघेण्याचं. हॅमर मागावा, बिट मागू नये. बिट झिजतं, ते ज्याचं त्याने विकत घ्यावं. ६, ८ आणि १० एवढी तीन असली की घर चालतं. पाणसळ आणि ओळंबा खुशाल मागावेत, ते झिजत नाहीत. लांब भिंतीवर तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खुणा केलेल्या अधिक बिनचूक येतात, फक्त नळीत बुडबुडा नको. हॅमर परत करताना बिटाच्या दांड्याला लावायची ग्रीस पुसून, चकमधली भुकटी झटकून द्यावी. आणि खूण केलेली सगळी भोकं एकाच सकाळी उरकावीत, कारण बऱ्याच सोसायट्यांत दुपारी दोन ते चार आवाज बंद असतो आणि दोनला पाच मिनिटं असताना खालच्या मजल्यावरच्या काकू हमखास बेल वाजवतात. त्या तक्रार घेऊनच येतात असं नाही. बऱ्याचदा म्हणतात, "मशीन आणलंच आहेस, तर आमच्या देवघराच्या फळीचंही बघ ना जरा." तेव्हा त्यांनाही तोच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्यांना उत्तर माहीत असतं. घर बांधलं जात असताना त्या रोज येऊन बघत होत्या.